तुळशीपुढचा दिवा आणि सहा रोपं

"अगं, फुललं! दिव्याखाली फुललं!" मी परसात उभा राहून ओरडत होतो, आणि माझा आवाज सांता क्लारा ओलांडून थेट समुद्रापर्यंत गेला असावा, कारण त्या सकाळी तिकडचं धुकं जरा लवकरच मागे सरलं. नाकाशी तो गंध होता: लिंबाची साल, ओलं लाकूड, आणि त्यांच्या आडून डोकावणारा एक उग्र, निर्लज्ज दर्प. गेल्या वर्षी दोन रोपं मी अंधारासाठी खोक्याखाली झाकून फुलवली होती, तेव्हा हा दर्प हुंगून एक खराखुरा स्कंक, म्हणजे शेपटी उचलून दुर्गंधी फवारणारा इथला प्राणी, कुंपणापाशी आला, घटकाभर बसला, आणि दुर्गंधीच्या विद्येत आपल्याहून थोर कोणी इथे नांदतं आहे हे मान्य करून खाली मान घालून निघून गेला. तुम्हांला पटणार नाही. मलाही आधी पटलं नव्हतं.

तर, गांजा. शब्द एकदा लिहून टाकला की मोकळं वाटतं. आमच्या मंडळातले लोक 'तुमचं ते गार्डनिंग' म्हणतात आणि उगाच खोकतात. माझी बायको शालन 'तुमची ती पालेभाजी' म्हणते. कॅलिफोर्नियात घरामागे, कुलूपबंद कुंपणाआड सहा रोपं वाढवायला कायद्याची ना नाही, आणि त्या फुलांच्या तेलाने चोळलं की शालनच्या गुडघ्यांना उतार पडतो. तेलाने पडतो की चोळण्याने, हे डॉक्टरांनाही सांगता आलेलं नाही. आधी फूल तर येऊ दे, वाद मागाहून घालू, असं माझं म्हणणं.

पण फूल कुठलं यायला? पहिल्या वर्षी रोपं अशी माजली की जवळच्या विमानतळावर उतरणारी विमानं आमच्या घराला वळसा घालू लागली. हिरवाई अपरंपार, आणि कळी एक नाही. कारण हे झाड रात्र मोजतं. ग्रीष्म कलला, अंधार लांबला, की त्याच्या अंतरंगात फुलण्याची जाग येते. त्या अंधारात एखादा कवडसा जरी रात्रभर पडत राहिला, तरी ते बापडं दिवस लहान झालाच नाही अशा समजुतीत पानं काढत बसतं. आणि आमच्या परसात तो कवडसा होता. तुळशीपुढचा विजेचा दिवा.

तो दिवा मालवावा, असं मी एकदा सुचवलं. शब्द मात्र चुकला. "तो जरा बंद कर ना रात्री," म्हणालो.

"बंद काय करायचं असतं ते दुकान," शालन म्हणाली. "दिवा शांत करतात. आणि हा तोही करायचा नाही."

कारण मला ठाऊक होतं. या देशात आलो तेव्हा मी कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यातून अपरात्री परतायचो. सारी घरं एकसारखी, सारी दारं मुकी. मला आपलं घर ओळखू यावं म्हणून तिने तो दिवा लावला आणि मी येईतो तेवत ठेवला. पुढे मी निवृत्त झालो. दिवा झाला नाही. आता सांगा, ज्या उजेडाने मला वर्षानुवर्षं घरी आणलं, त्याच्याशी पालेभाजीपायी भांडण मांडायचं?

मग दिव्याला न जुमानणारं झाडच का घडवू नये? उत्तरेच्या शीत प्रदेशात याच कुळातली एक बुटकी, रानवट जात आहे. तिथला उन्हाळा इतका अल्पायुषी, की ती अंधाराची वाट पाहतच नाही. वय झालं की आपली आपण फुलते. त्या बुटक्याचा पराग मी ब्रशने, कुंडीत लावून रोज रात्री कपाटात कोंडून फुलवलेल्या आमच्या एका मादीला लावला, आणि बियाणं रुजलं तेव्हा व्याह्यांच्या थाटात मिशीवरून हात फिरवला. उगवलेली एकूणएक रोपं मात्र आईवर गेली: उंच, हिरवीगार, वांझ.

मी हिरमुसून ओवीला फोन लावला. ओवी आमची मुलगी. स्टेट कॉलेजला वनस्पतींच्या आनुवंशिकतेवर संशोधन करते.

"बाबा, आर यू सीरियस? पहिल्या पिढीत ते दिसणारच नाही. लपलेलं असतं. त्यांचीच आपसात लग्नं लावा, मग चारांत एखादं निघेल."

"भावाबहिणींची?"

"बाबा, झाडं आहेत ती."

पण लग्नासाठी फुलायला हवं, आणि फुलण्यासाठी अंधार! म्हणून त्यातल्या एका नराला अन् मादीला मी रोज संध्याकाळी फ्रिजचं खोकं पालथं घालून झोपवलं. कंबर इतकी वाकली की महिनाभर मला फक्त चपलाच दिसत होत्या. एवढ्या तपश्चर्येतून बी हाती आलं, आणि यंदा त्याची सहा रोपं तुळशीच्या रांगेत, त्या दिव्याच्या ऐन उजेडात उभी केली.

त्यांच्याकडे पाहताना वाटायचं, माणसांतही या दोन जाती असतात की! मी रात्र मोजणारा. व्हिसा होऊ दे, घर होऊ दे, निवृत्ती होऊ दे, मग फुलू, असं म्हणत माझी पानंच वाढत गेली. शालन त्या उत्तरेकडच्या कुळातली. परक्या मुलखात, कुणाच्या अनुमतीची वाट न पाहता, एका कुंडीत तुळस लावून ती पहिल्याच वर्षी घर होऊन गेली.

आणि ऑगस्ट सरता सरता, त्या सकाळी, सहांतल्या एकाच्या शेंड्यावर पांढऱ्या केसरांचा झुबका! बाकीची पाच ढिम्म. शेजारी दिवा नित्यासारखा तेवत होता. वास्तविक तेव्हा मला ओरडण्याचं कारण नव्हतं. फूल केवढं, तर जिऱ्याएवढं. पण मला त्यात कळसच दिसला: तिचा दिवाही राहिला आणि तिचं तेलही आलं.

शालन चहाचे कप घेऊन, एकेक पायरी जपत खाली आली. तिचा दिवस माझ्या आधी दोन तास उगवतो. मी तिला हाताला धरून झाडापुढे उभं केलं.

"बघ. तुझा दिवा रात्रभर डोक्यावर होता, तरी फुललं. आता या दिव्याला कधी हात लावायला नको."

तिने फूल पाहिलं. मग तुळशीचं एक वाळकं पान खुडलं आणि माझा कप माझ्या हातात दिला.

"आषाढापासून रोज शांत करतेय मी तो," ती म्हणाली. "तुम्ही घोरायला लागलात की. पहाटे परत लावते."