ओइकावा-सानांनी अंगावर घेतलेलं अस्वल

सकाळी सातला फोन वाजला. पलीकडून ओइकावा-सान ओरडत होते, "मंजुषा-सान, रानडुकरासाठी लावलेल्या फाशात अस्वल अडकलंय! निघा लगेच!"

मंजुषा मुंबईत पशुवैद्यक शिकून जपानमधल्या सेंदाईच्या विद्यापीठात अस्वलांवर पीएचडी करत होती. अंगावर जॅकेट चढवून ती सुटलीच. दीड तासाचा घाटरस्ता तिनं सव्वा तासात मारला.

डोंगराच्या कुशीतल्या त्या गावात ओइकावा-सान चाळीस वर्षं फासे लावत होते. आता शहात्तरीला आले होते. गावानं सांगावं आणि त्यांनी मारावं, अशी शंभराहून अधिक अस्वलं त्यांच्या हातून गेली होती. तरणेपणी गावकरी त्यांना खांद्यावर घ्यायचे. हल्ली ते संशोधकांचे वाटाडे झाले होते. चुरगळलेलं गवत बघून जनावर कधी गेलं ते सांगायचे, आणि मंजुषा अवाक् व्हायची.

देवदारासारख्या उंच झाडाला बांधलेली तार ताणून काळीभोर मादी उसळ्या मारत होती. मागे जमलेले गावकरी म्हणत होते, "गोळी घाला!"

ओइकावा-सानांनी बंदूक रोखली होती, पण चाप ओढला नव्हता. "पालिकेनं सोडायला परवानगी दिलीय. तारेचे दोन पेड तुटलेत. बघा, जमतंय का."

मंजुषानं फुंकनळीत भुलीची सुई भरली आणि फुंकली. सुई झाडाला लागली! मादी थेट तिच्यावर झेपावली. तार करकरली, तिसरा पेड तुटला. मंजुषानं दुसरी सुई भरली आणि छातीतला सगळा श्वास ओतला. सुई मांडीत रुतली. दहा मिनिटांनी मादी आडवी झाली, तेव्हा ओइकावा-सान टुणकन उडी मारून हसले. "शंभर मारली, पण एवढी मजा एकदाही आली नाही!"

गळ्यात जीपीएस पट्टा बांधून दोघांनी तिला वरच्या दरीत नेऊन सोडलं. तिनं माणसापासून लांब राहावं म्हणून सोडताना तिखट फवाराही मारला. पुढे रोज सकाळी ओइकावा-सानांचा फोन ठरलेला, "आमची बाई आज कुठाय?"

दोन वर्षं बाई वरच राहिली. मग एका शरद ऋतूत जंगलात फळं धरली नाहीत आणि चेस्टनटच्या बागेत एका अस्वलानं ऐंशी वर्षांच्या चिबा-आजींचा खांदा फाडला. गाव पेटलं. "ओइकावानं सोडलेलंच ते!"

मंजुषानं घाईघाईनं नकाशा उघडला. हल्ल्याच्या वेळी त्यांची मादी अकरा किलोमीटरवर, डोंगराच्या पलीकडे होती. मंजुषा धापा टाकत ओइकावा-सानांकडे पोचली. "आपली नव्हती ती! आत्ताच सांगूया सगळ्यांना."

"नका सांगू," ते म्हणाले. "दुसरं आहे म्हटलं, तर दिसेल ते अस्वल मारत सुटतील. आपली बाई डोंगरापलीकडे आहे, ती त्यांच्या हाती लागणार नाही. माझ्यावर चिडलेत, तर चिडू देत. मी सोसेन."

मंजुषानं कुणालाच सांगितलं नाही. गावानं त्यांच्याशी बोलणं टाकलं. जानेवारीत न्यूमोनियानं ते गेले, तेव्हा अंत्यविधीला जेमतेम सात माणसं होती.

मार्चमध्ये त्यांचा फोटो समाजमंदिरात लावावा का, यावर सभा भरली. कुणी त्यांना गावाचा रक्षक म्हणालं. शहरातून येऊन राहिलेली एक बाई म्हणाली, "शंभर जीव घेणाऱ्याचा फोटो?" चिबा-आजींचा मुलगा तेत्सुया तर खुर्ची ढकलूनच उठला. "माझ्या आईचा खांदा त्याच्यामुळे गेला!"

मंजुषाला राहवेना. तिनं पडद्यावर नकाशा लावला आणि तारीख, वेळ, ठिकाण एका दमात सांगून टाकलं. सगळे थक्क!

तेवढ्यात चिबा-आजी उठल्या. "मला ठाऊक होतं. माझ्यावर आलेल्या अस्वलाच्या गळ्यात पट्टा नव्हता. मी ओइकावा-सानांना सांगितलंही. ते माझ्यापुढे वाकले आणि म्हणाले, कृपा करून कुणाला सांगू नका. मी शब्द दिला."

"म्हणजे खरं अस्वल मोकळं फिरतंय?" तेत्सुया ओरडला. "आणि तुम्ही तिघांनी ते लपवलंत? पुन्हा कुणाला धरलं असतं तर?"

मंजुषा त्याच्याकडे वळली. तिनं मान खाली घातली. "चुकलंच माझं."

सभा फिसकटली. फोटो आजींच्या आग्रहानं लागला. अधूनमधून कुणीतरी तो भिंतीकडे तोंड करून ठेवतं, आणि दुसरं कुणीतरी सरळ करतं.

एप्रिलमध्ये मात्र तेत्सुया स्वतःहून सेंदाईला आला. "ते अस्वल कुठंय ते कळायला हवं. जिवंत धरणारा सापळा आहे ना तुमच्याकडे? धरून त्यालाही पट्टा बांधूया. बागेवरची ओढ्याची वाट मला माहितेय."

शोधाच्या तिसऱ्या दिवशी ओढ्याकाठच्या ओल्या मातीत तेत्सुयाला तळव्याएवढा ताजा ठसा दिसला. "मंजुषा-सान!" तो कुजबुजला. तिनं पिंपाच्या सापळ्यात मध ओतला आणि दोघंही झाडीआड दबा धरून बसले. समोरच्या बांबूत काहीतरी जड हललं.