शेवटच्या पानावरचे साहेब

आमच्या भागात एखाद्याला मोठं व्हायचं असलं की तो आधी फोटो काढून घेतो. पांढरा शर्ट, काळा गॉगल आणि कानाला मोबाईल. पलीकडून कोण बोलत असतं देव जाणे, पण कर्जत स्टेशनापासून खालापूरच्या नाक्यापर्यंत प्रत्येक फ्लेक्सवर ही मंडळी कुणाशी तरी फार महत्त्वाचं बोलत उभी असते. असाच एक फोटो साहेबांनी आमच्या घरी पाठवला आणि वर निरोप दिला, शेवटच्या पानावर हा चेहरा पाहिजे.

साहेब म्हणजे भाताची शेतं विकत घेऊन त्यांचे फार्महाऊसचे प्लॉट पाडणारे गृहस्थ. आणि शेवटचं पान म्हणजे आमच्या कॉमिकच्या शेवटच्या अंकाचं. चित्रं माझ्या धाकट्या बहिणीची, शब्द माझे. आमचा नायक काळा मुखवटा घालायचा, कोंडाण्याच्या लेण्यांच्या डोंगरावरून खाली उडी टाकायचा, पाताळगंगेत घाण ओतायला आलेल्या टँकरची चाकं हातानं उपटायचा. मुखवट्याआड कोण हे आम्ही कधीच दाखवलं नव्हतं, त्यावर वाचणाऱ्या पोरांच्या पैजा लागायच्या. छपाई झेपेना म्हणून मालिका बंद करायचं ठरलं, तेव्हा बहीण म्हणाली, शेवटच्या पानावर मुखवटा उतरवू. त्या अंकाची छपाई साहेबांनी अंगावर घेतली आणि लगेच मुखवट्याआड स्वतः जाऊन बसायला निघाले. आयत्या बिळावर नागोबा.

आत कोण आहे हे बहिणीला पहिल्या अंकापासून माहीत होतं. आमची आई. भाताचे भारे वाहून आईचे खांदे रुंद झाले होते. तेच खांदे बहिणीनं नायकाला दिले आणि सगळ्यांना वाटलं हा कुणी गडी आहे. आई जाऊन बरीच वर्षं झाली. तिचा एकही धड फोटो घरात नाही. रेशनकार्डावर एक आहे, त्यात ती पोलिसांनी पकडून आणल्यासारखी दिसते. तिचा चेहरा नीट छापून यावा आणि बाबांनी तो पाहावा, एवढंच बहिणीला हवं होतं.

बाबांनी मात्र आजवर एकही अंक वाचला नव्हता. "चितरं काढून भात पिकतो का गं?" असं विचारायचे आणि थंडीत शेतातले वाल घरी आले की आमचाच जुना अंक पसरून त्यावर शेंगा सोलायला बसायचे. माणूस म्हणून बाबा चांगले आहेत, वाचक म्हणून धोंडा.

साहेबांचा निरोप आला तेव्हा मी चिडून म्हटलं, "काढ त्याचं थोबाड एकदाचं. मोबाईलसकट काढ."

"ताई, आई काढून झालीय. आता खोडणार नाय."

"आणि साहेबांनी बघितलं म्हंजे?"

"साहेब कधी काय उघडून बघतात का गं?"

अंक छापायला जाण्याआधी साहेबांचा एक कार्यकर्ता तपासणीला आला. ओटीवर चहा पीत त्यानं मुखपृष्ठ पाहिलं, साहेबांच्या नावामागे 'माननीय' आहे याची खात्री करून घेतली. मग मलपृष्ठ. तिथे शुभेच्छुकांचे फोटो होते आणि त्याचा सगळा जीव त्यातच अडकलेला. उपसरपंचाचा फोटो माजी सरपंचापेक्षा मोठा आला होता. "ताई, ह्ये चालणार नाय. मारामाऱ्या होतील आमच्यात," तो म्हणाला. बहिणीनं मुकाट्यानं पट्टी लावून दोघांना सारखं केलं. मधली पानं त्यानं उघडलीच नाहीत. जाताना दारात तेवढं विचारलं, "चेहरा बराबर आलाय ना?"

"फार छान आलाय," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते.

प्रकाशन कर्जतच्या एका हॉलमध्ये झालं. साहेब उशिरा आले. वेळेवर येणं हे आमच्याकडे हलक्या माणसाचं लक्षण. लाल रिबीन सोडवून त्यांनी अंक छातीशी धरला आणि कॅमेऱ्यांकडे पाहून हसले. आम्हा दोघींचा जीव मुठीत. आता पान उलटतील, मग उलटतील. त्यांनी उलटलं नाही. मुखपृष्ठावर 'शेवटचा अंक' असं ढळढळीत छापलं होतं, नेमकं त्याच्यावर बोट ठेवून साहेब माइकवर म्हणाले, "हा पहिला अंक हाय. असे शंभर अंक निघाले पायजेत!" टाळ्या पडल्या. मग आवाज जड करून म्हणाले, "आन् शेवटच्या पानावर या पोरीनं माझा चेहरा काढलाय, तो मी काल बघितला. डोळ्यांत पाणी आलं माझ्या."

पुढच्या रांगेतले लोक माना डोलवत होते. त्यांनीही तो चेहरा पाहिला असावा. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता आणि हसूही आवरत नव्हतं. बहीण हसत नव्हती. ती बाबांकडे पाहत होती. चित्रकर्तीचे वडील म्हणून त्यांना शाल-नारळ मिळाला होता, मांडीवर अंक होता, आणि अंकावर त्यांनी नारळ ठेवला होता.

रिक्षातून घरी येताना बहीण हळूच म्हणाली, "एवढ्या माणसांत एकानंबी उघडला नाय गं." तेव्हा माझं हसू गेलं. साहेबाला फसवल्याचा आनंद करायचा तरी कुणाबरोबर? सगळा हॉलच साहेबाच्या जातकुळीचा निघाला होता.

दुसऱ्या दिवशी बाबा वालाची टोपली घेऊन ओटीवर बसले. सवयीनं अंक ओढला आणि खाली पसरायला म्हणून मागून उघडला. शेंगांची मूठ भरली. हात तसाच राहिला. मी माजघराच्या दारातून पाहत होते, बहीण माझ्या मागे. बाबांनी मूठ परत टोपलीत रिकामी केली, हात धोतराला पुसले आणि अंक मिटला. वर न पाहताच म्हणाले, "याच्यावर नको गं. दुसरा कागद दे."

बहिणीनं त्या दिवशीचं वर्तमानपत्र आणून दिलं. पहिल्याच पानावर साहेब होते, अंक छातीशी धरून हसत. बाबांनी कागदाची घडी हातानं नीट सरळ केली, अंक सदऱ्याच्या आत सरकवला आणि शेंगा सोलायला घेतल्या. सालं साहेबांच्या तोंडावर पडत राहिली.