चव घेणं म्हणजे खाणं नव्हे

जाड बाई दिसली की तिच्या ताटात डोकावायचा परवाना तुम्हाला कुणी दिला हो?

आमच्या अक्काच्या ताटात डोकावला असतात तर तोंडात बोटं घातली असती. कारखान्याच्या कँटीनची ही मुख्य स्वयंपाकीण. अख्ख्या पाळीचं रांधायची आणि स्वतः घरी येऊन काकडी, उकडलेल्या भाज्या, वाटीभर डाळ. साखर बंद, तळलेलं बंद. तिच्या धाकट्या भावाच्या किडन्या गेल्या होत्या. अक्काची किडनी त्याला जुळत होती. पण डॉक्टरांनी बजावलं होतं, आधी वजन उतरवा, नाहीतर तुमच्याच जिवाला धोका.

महिने गेले. काटा हलेना.

"अक्का, तू हवा खाऊन फुगतेस," भाऊ डायलिसिसच्या खाटेवरून म्हणायचा.

"गप रे! तुझ्यापायी गवत खातेय. दूध द्यायला लागले नाही एवढंच."

एक दिवस डॉक्टर सरळ म्हणाले, "बाई, तुम्ही चोरून खाताय."

"भावाची शपथ, घास चोरला नाही हो." अक्काचा आवाज फाटला.

मी रुग्णांसाठी भांडणारा माणूस. माझं टाळकं सटकलं. पण भांडायचं तर पुराव्यानिशी, म्हणून कँटीनमध्ये जाऊन बसलो. आणि गार पडलो. लोणी घातलेला रस्सा, सायीचं सूप, गोड कस्टर्ड. प्रत्येक पातेल्यातला थेंब तळहातावर, तिथून जिभेवर. मीठ घातलं की एकदा, उकळी आली की पुन्हा, उतरवताना शेवटचं.

"अक्का, हे काय चाललंय?"

"दिसत नाही? चव बघतेय."

"म्हणजे खातेयसच ना!"

"खुळा का तू? खाणं ताटावर बसून असतं. ही ड्युटी आहे."

बाकीचे आचारी खदाखदा हसले. "चव धरली, तर आम्ही दिवसभर जेवतोच म्हणायचं की!"

अशी ती रीत. पण बसून गिळलं काय नि उभ्यानं चाटलं काय, लोणी अंगाला लागतंच. थेंब थेंब करत दोन जेवणं व्हायची. काय खायचं ते अक्कानं जिवापाड पाळलं. एकूण किती पोटात जातं, तिथं फसली. दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी न्याहारी विचारली, जेवण विचारलं. रांधताना तोंडात काय जातं, हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही.

त्या दिवसापासून चव दुसऱ्याकडे सोपवली. काटा उतरू लागला. अट पुरी व्हायला थोडंच उरलं होतं, तेवढ्यात भावाच्या छातीत जंतू शिरले. खाट रिकामी झाली.

वजन मात्र पुढेही उतरत राहिलं, कारण आता घासच जाईना. रस्त्यात बायका थांबवतात, "अगं, किती बारीक झालीस! काय केलंस, सांग ना!" अक्का पदर सावरते आणि चालू लागते.

तुमच्या घरात कुणी रांधत असेल आणि तिचं वजन उतरत नसेल, तर तिला चोर ठरवू नका. आज स्वयंपाकघरात जा, तिच्याशेजारी उभे राहा, आणि पातेल्यातली चव तेवढी तुम्ही घ्या.