नगीबाची वजाबाकी

नगीबाचा बाप इजिप्तच्या शरकिया भागातल्या खेड्यात पावाची भट्टी राखायचा. ज्योतीचा रंग बघून विस्तवाच्या पोटात काय दुखतंय ते सांगायचा. लेक त्याच्या वरचढ निघाली. गीझाच्या प्रयोगशाळेत ती तेवीस वर्षं लेसर जुळवत होती. पदवी नव्हती, पण हात असा की प्राध्यापकसुद्धा तिला अब्ला, म्हणजे थोरली बहीण म्हणत.

काम ऐकायला सोपं. ज्योतीतल्या विषारी वायूला नेमका मानवेल असा लेसरचा रंग लावायचा. वायू चमकतो, ती चमक मोजायची. मग रंग केसभर बाजूला सरकवायचा. वायू गप्प होतो. तरीही जे चमकत राहतं ती काजळीची लबाडी. ती वजा करायची. ही दुसरी मोजणी दर ज्योतीला वेगळी करावी लागते.

गेल्या रमजानात उपासानं डोळ्यांपुढं अंधारी येत होती आणि इफ्तारला घर गाठायचं होतं. शेवटच्या सहा पिवळ्या ज्योतींना नगीबानं दुसरी मोजणी केलीच नाही. काजळी जवळपास नसलेल्या निळ्या ज्योतीचा आकडा तसाच उतरवून दिला.

त्या सहांवरच तिथं पीएचडी करणाऱ्या रावयाचा प्रबंध उभा राहिला. भाताच्या पेंढ्याचा वायू जाळला की विष दुप्पट निघतं, असा तिचा निष्कर्ष. तोंडी परीक्षा आठ दिवसांवर आली तशी ती आभाराचं पहिलं पान नगीबाला दाखवायला आली.

"वाचा की अब्ला. आईच्या आधी तुमचं नाव टाकलंय. तिला सांगू नका, जेवायला घालायची न्हाई."

नगीबानं वाचलं.

"बस पोरी. त्या सहा पिवळ्या ज्योतींची दुसरी मोजणी मी केली नव्हती. आकडे निळीचे आहेत."

"वल्लाही, थट्टा पुरे." रावया हसली, मग हसू विरलं. "वर्ष झालं त्याला. आज सांगताय?"

"परीक्षेनंतर सांगितलं असतं तर चोरी झाली असती."

"आणि आज काय झालं?"

नगीबानं उठून लेसर चालू केला.

दोघींनी ज्योत पेटवली. रंग लावला, मोजला; सरकवला, पुन्हा मोजला. सहाच्या सहा. दिवसभर कामापुरतंच बोलल्या. वजाबाकी झाली तेव्हा दुप्पटीचा मागमूस नव्हता. पेंढ्याची ज्योत चारचौघींसारखीच निघाली.

दुसऱ्या दिवशी नगीबा आपल्या पायानं प्राध्यापकांकडं गेली. परीक्षा पाच महिने लांबली. नोकरी टिकली, पण तिनं लिहिलेल्या प्रत्येक आकड्याखाली आता दुसऱ्या कुणाची सही लागते. ती वही पुढं करते आणि सही होईस्तोवर उभी राहते.