मेहरा साहेबांचा थर्मास

दिल्लीत आज ज्या उंच उंच इमारती दिसतात ना, त्यातल्या निम्म्या मी उभ्या केल्यात. म्हणजे, त्या उभ्या राहत होत्या तेव्हा मी शेजारी उभा होतो. तोंडात पान असायचं, त्यामुळे कुणाच्या कामात अडथळाही येत नव्हता!

साइट आवरली की कोपऱ्यात रेतीचा एक ढीग उरतोच. तो कुणी मागवलेला नसतो, कुणी उचलून नेत नाही, आणि कुत्री त्यावर मजेत झोपतात. माझ्या किश्श्यांचा ढीग तसाच साचलाय. आज तुम्ही बसा त्यावर.

तर मी एका ठेकेदार कंपनीत मशिनरीचा फोरमन. शिक्षण आठवी, शाळेनं कंटाळून मला सोडलं. बिऱ्हाड पहाडगंजात. आमचे चीफ मेहरा साहेब, दिल्लीचेच. नवं काम आलं की ते सगळ्यांना टेबलाभोवती बसवायचे आणि विचारायचे, "बोलो भई, मशीन या आदमी?" म्हणजे काम कुठल्या पद्धतीनं करायचं, क्रेन लावायची की घमेली, ते ज्यानं त्यानं सांगायचं. ज्याची पद्धत लागू पडली, त्याला काम फत्ते झाल्यावर मेहरा साहेब आपल्या थर्मासातून, आपल्या हातानं चहा ओतून देत. घरचा चहा! बाकीच्यांना कँटीनचा.

आणि तो कप दरवेळी कुणाला? पाटणकरला!

पाटणकर आमचा प्लॅनिंग इंजिनीअर. पुण्याचा. दिवसभर साइटवर फिरून आला तरी बुटांवर धूळ नाही. दिल्लीची धूळसुद्धा त्याला बिचकायची! तो कप हातात घ्यायचा, डोळे मिटायचा आणि एकेक घोट असा सावकाश घ्यायचा, जणू तीर्थ. ते बघून मी माझा कँटीनचा चहा रेतीत ओतून टाकायचो.

* * *

कस्तुरबा गांधी मार्गाजवळ एक उंच ऑफिस बांधायचं होतं. मी म्हटलं, "साहेब, आपला हॉइस्ट आहे, बायामाणसं आहेत. माल चढेल आरामात." पाटणकर म्हणाला, "टॉवर क्रेन." तेव्हा ती दिल्लीत नवी नवलाई. मेहरा साहेबांचे डोळे असे चमकले, जणू कुणी त्यांना विमानच घेऊन देतंय.

क्रेन आली. लोक रस्त्यात स्कूटर थांबवून बघायला लागले. माझ्या हॉइस्टकडे कधी कुणी सायकलसुद्धा थांबवली नव्हती! मी पाटणकरला गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "पाटणकर, दिल्लीत रिवाज आहे. क्रेन ज्यानं निवडली, त्यानं पहिल्या दिवशी टोकापर्यंत चढून नारळ वाढवायचा. नाहीतर मजूर हात लावत नाहीत."

वाटलं, पुण्याचा माणूस, दुसऱ्या पायरीवर चक्कर येईल. पण पठ्ठ्या चढला की! वर नारळ फोडला. खाली मजूर टाळ्या पिटतायत, मेहरा साहेब "वाह, वाह" करतायत. खाली येऊन मला खोबरं देत म्हणाला, "भाऊ, रिवाज फार छान आहे. वरून सगळी दिल्ली दिसते. तुमचं टक्कल तर फारच स्पष्ट!"

चहा त्याला. टक्कल मला.

* * *

मग पहाडगंजात एका हॉटेलवाल्याचं तळघर खोदायचं काम आलं. माझी गल्ली! पाटणकरनं माती वाहायला टिपर ट्रक सुचवला. टिपर गल्लीच्या तोंडाशी आला आणि बाटलीच्या बुचासारखा बसला. ना आत, ना बाहेर. मागे हातगाड्या, रिक्षा आणि एक वरात. नवरदेव घोडीवरून मलाच विचारतोय, "अंकल, हटवा दोगे क्या?"

मी छाती काढून मेहरा साहेबांपुढे गेलो. म्हटलं, "साहेब, गधे लगाइए." दिल्लीत अरुंद गल्लीतली माती तेव्हा गाढवांच्या पाठीवरूनच निघायची. साहेब म्हणाले, "बिल्कुल!" गाढवं आली, माती निघाली. मी नवा रुमाल घेऊन मीटिंगला गेलो, चहा प्यायल्यावर मिशा पुसायला!

पाटणकर उठला. गल्लीत गाढवं ज्याच्याबरहुकूम चालवली होती, तो चार्ट त्यानं भिंतीवर लावला. कुठल्या गाढवानं कुठल्या वाटेनं जावं, येणारी आणि जाणारी एकमेकांना आडवी कशी येऊ नयेत, उन्हात कुठं थांबावीत. रंगीत बाण! मेहरा साहेब चार्टकडे बघतच राहिले आणि थर्मासाचं झाकण फिरवत त्याच्याकडे वळले.

गाढवं मी सुचवली, चहा त्यानं प्यायला! डोळे मिटून!

मी बाहेर येऊन क्रेन ऑपरेटर सॅम्युअलपाशी बोंबललो. सॅम्युअल आमचा नगरचा, मिशनच्या शाळेत शिकलेला, बोलायला शांत. म्हणाला, "भाऊ, मनाला लावून घेऊ नका. गाढवांनाही नाही मिळाला."

* * *

यमुनेकाठी एक पाया खणत होतो. खड्ड्यात सारखं पाणी. मी म्हणत होतो मोठे पंप लावा. पाटणकरनं खड्ड्याच्या चहूबाजूंनी जमिनीत नळ्या ठोकल्या आणि पाणी बाहेरच्या बाहेर ओढून घेतलं. खड्डा कोरडा पडायला लागला. हे कसं चालेल?

मी बाजारातून एक मासा आणला, जिवंत, चांगला मिशावाला. खड्ड्याच्या तळाशी उरलेल्या डबक्यात सोडला आणि मेहरा साहेबांना बोलावून आणलं. "साहेब, नळ्या फेल! यमुना अंदर आ रही है! मछली तक आ गई!"

साहेब घाबरले. पाटणकर खाली उतरला, मासा उचलला, नीट न्याहाळला.

"भाऊ," तो म्हणाला, "यमुनेतले मासे कल्ल्यात सुतळी बांधून येतात का?"

घाईत सोडायची राहिली होती हो! चहा कुणाला, ते विचारू नका. मासा सॅम्युअलच्या घरी गेला. कालवण मात्र छान झालं होतं, एवढं मान्य करतो.

* * *

बरं, साइटवर हा त्रास, तर घरी तरी सुख? आमच्या गच्चीवर पाण्याची टाकी न्यायची होती. मशिनरीचा फोरमन मी! साइटवरून दोर आणला, कप्पी आणली, चार हट्टेकट्टे गडी आणले. टाकी जिन्यातून चढवली आणि पहिल्याच वळणावर ती अडकली. जिना मोजायचं राहिलं. वरच्या मजल्यावरचे शर्माजी टाकीवरून घसरत ऑफिसला गेले, ब्रीफकेस डोक्यावर धरून.

बायको म्हणाली, "अहो, पाटणकर भावजींना विचारू या का?"

"माझ्या घरात त्याचं नाव काढायचं नाही!"

संध्याकाळी तो हजर. ओट्यावर साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचं कूट, असं की मला लग्नानंतर कधी मिळालं नव्हतं. त्यानं जिना बघितला, मागची बाजू बघितली, आणि माझीच कप्पी गच्चीच्या कठड्याला बांधून टाकी बाहेरून वर घेतली. बायको म्हणाली, "बघा, किती सोपं होतं!"

मी म्हटलं, "हो, पण त्याला विचार, कप्पी कुणाची?"

ती म्हणाली, "अजून थोडी खिचडी घ्या ना, भावजी."

* * *

आता शेवटचं. मेहरा साहेब रिटायर होणार होते. थर्मास त्यांच्याबरोबर जाणार. त्यांच्या हाताखालचं शेवटचं काम गाझियाबादच्या एका कारखान्यात. एक अवजड प्रेस मशीन शेडमधल्या खोल खड्ड्यात, पायावर अलगद बसवायची. शेडवर छप्पर आधीच घातलेलं, त्यामुळे क्रेन आत जात नाही. "बोलो भई?" सगळे गप्प. पाटणकरसुद्धा! मला तर गुदगुल्या व्हायला लागल्या.

जूनचा महिना. दारातून बर्फाची हातगाडी चालली होती, लाद्यांतून पाणी ठिबकत. मी बोलून गेलो, "साहेब, खड्डा बर्फानं भरा. मशीन सरकवत वर आणा. बर्फ वितळेल तशी ती आपोआप खाली बसेल."

सगळे हसले. पाटणकर हसला नाही. त्यानं एवढंच विचारलं, "भाऊ, पाणी कुठं जाणार?"

पाण्याचा विचार कुणी केलाय! पण मेहरा साहेब म्हणाले, "पाटणकर, तुम पंप देखो. बर्फ इसका."

इसका! म्हणजे माझा!

लाद्या रचल्या. लोखंडी रोलरवरून मशीन सरकली आणि बर्फावर बसली. गाझियाबादचं ऊन आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बाजूनं होतं. मशीन इतकी हळू उतरत होती की कारखान्यातले लोक जेवून येऊन पुन्हा बघायला उभे राहात. पाटणकरचा पंप कोपऱ्यात बिचारा नोकरासारखा पाणी उपसत होता. मशीन पायाला टेकली, एका बोटाचाही फरक नाही. सॅम्युअलनं मला खांद्यावर घेतलं आणि लगेच खाली ठेवलं. वजन!

मेहरा साहेबांनी थर्मास काढला. कपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पाटणकरकडे बघितलं. मी रुमाल काढून तयार.

पाटणकर जरा घाईनंच म्हणाला, "सर, भाऊंना! आज भाऊंनाच!"

साहेबांनी ओतला. माझ्यासाठी. स्वतःच्या हातानं. मी पाटणकरकडे असं बघितलं, की बघ, आता तू बघ. डोळे मिटले. मोठा घोट घेतला.

मेथी. कडुलिंब. कारलं की काय कोण जाणे. साखरेचा कण नाही, आणि सकाळपासून थर्मासात मुरलेलं. मेहरा साहेबांना मधुमेह. हकीमानं दिलेला काढा त्यांची बायको रोज चहात उकळायची! साहेब प्रेमानं विचारतायत, "कैसी है?" मी मान हलवतोय, डोळ्यांत पाणी, थुंकायची सोय नाही. डोळे मिटून, सावकाश, एकेक घोट.

साहेब पाठमोरे झाले तसा मी पाटणकरच्या कानाशी गेलो. "अरे, इतकी वर्षं तू हे पीत होतास? मग मी जळत असताना एकदा तरी सांगायचंस ना!"

पाटणकर म्हणाला, "भाऊ, मला वाटायचं तुम्हाला चव माहीत आहे, म्हणून तर तुम्ही मुद्दाम हरता!"