पऱ्हाटीतली साखर

सुमनअक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी कापूस वेचून नुकतीच घनसावंगीच्या घरी आल्ते. जीप करून अंबडला अक्कांच्या घरी पोचले, तोवर आत्याबाईंनी, म्हणजे आमच्या सासऱ्यांच्या बहिणीनं, घर धुवायला काढलं होतं. आमच्यात मयत झालं की घरातलं शिजलेलं, आंबलेलं, माठातलं पाणीसुद्धा ओतून देतात. "विरजण बी ठेवायचं न्हाई," त्या म्हणाल्या, आणि त्याच झपाट्यात अक्कांच्या मागच्या खोलीतल्या सगळ्या बाटल्या मोरीत रिकाम्या झाल्या. अहो, त्या बाटल्यांत बाईची हयात होती!

अक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. कॉलेजात जिवाणूंचं शास्त्र शिकवायच्या. वेचणी संपली की लोक पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, उपटून बांधावर पेटवतात, ते बघून त्यांचा जीव तळमळायचा. "साखर जाळून राह्यलेत गं हे! लाकडात अडकलीय, एवढंच. सोडवून दिली की माझे जिवाणू ती खातात अन् इंधन करून देतात." खोलीतल्या आंबूस वासावरनं भावकी त्यांना दारूवाली बाई म्हणायची... मंग एक दिवस त्यांनी ते इंधन पेट्रोलात मिसळून आमच्याच शेतात फवारणीचा पंप चालवला. पंप खोकला, धूर ओकला, अन् बराबर चालला. अक्कांनी पदर खोचला. "आता हसा म्हणावं!"

हे जिवाणू भलते नखरेल. हवा लागली की मरतात, पण कोरड्या मातीत बियाण्यासारखे वर्षानुवर्षं झोपतात. विरजण नासलं तर शेजारून आणता यावं, म्हणून आपण ते चार घरी देऊन ठेवतो ना, तसंच अक्कांनी केलं होतं. मातीची एक छोटी बाटली माझ्या फडताळात ठेवून गेल्त्या. "लागली तर मागायला येईन." आता कोण येणार मागायला...

तेराव्यानंतर आत्याबाई माझ्याकडे राहायला आल्या, तेव्हा त्यांना ती दिसली. "मयताची वस्तू हाय. टाक."

"बिलकुल टाकणार न्हाई," मी म्हटलं. माझा आवाज चढला, चढू दिला. "विरजण ज्या घरात असतं त्या घराचं असतं."

अक्कांनी दाखवलं होतं तशी पऱ्हाटीतली साखर सोडवली, ते गोड पाणी उकळून गार केलं, माती टाकली, घट्ट बूच लावून त्यातली नळी पाण्याच्या वाटीत सोडली. पहिले काही दिवस काहीच हललं नाही. मी चिडले, रडले, अक्कांनाच बोल लावले.

परवा भाकऱ्या थापत होते. आत्याबाई ओट्यापाशी लसूण सोलत बसल्या होत्या. मागनं, नळीच्या वाटीतनं आवाज आला. बुडूक... बुडूक...

"काय वाजून राह्यलं गं?"

"अक्कांचं विरजण लागलं," मी म्हटलं. "आता वता म्हणावं मोरीत!"