नांगर टाकलेली व्हॅन

जुन्या गाड्यांचं वायरिंग करणाऱ्याकडे बाकी काही साठो न साठो, किस्से साठतात. पळस्प्याच्या माझ्या गॅरेजातले निम्मे किस्से एकाच गाडीचे. करंजा बंदरातल्या हिरामण नाखवांची व्हॅन!

मूळची ती अॅम्ब्युलन्स. वडिलांना लकवा मारला तेव्हा नाखवांनी ती भंगारातून आणली, आत गादी आणि पंखा बसवला. म्हाताऱ्याला जेट्टीवर नेऊन घरची मासेमारीची बोट दाखवायची, एवढंच काम. तेही तिला जमेना, म्हणून माझ्या खेपा. वैताग नुसता!

*

ब्रेक दाबला की आतला पंखा फिरायचा. मी तो फॉल्ट काढला. लगेच फोन, "मिस्त्री, पंखा बिघडवलात तुमी!"

"अहो, स्विच दिलाय ना!"

"बाबांचा हात हालत नाय, मी गाडी चालवतो. स्विच दाबंल कोन?"

फॉल्ट पुन्हा जोडून दिला.

*

एकदा सेल्फ स्टार्टर टिक पण करेना. फोनवर किल्ली, फ्यूज, सगळं विचारून झालं. शेवटी करंजाला जाऊन सीट उचलली. बॅटरीच नाही!

नाखवांनी शांतपणे समुद्राकडे हात केला. "बोटीवर हाय. तिकडं लाइट लागत नव्हती."

*

अर्थिंगच्या वायरी सारख्या गंजायच्या. का, ते कळेना. मग एकदा वहिनींना गाडी धुताना पाहिलं. बादलीत खाडीचं पाणी!

"वहिनी, खारं पाणी?"

"बोटीला कंदी गोडं पानी लावलंय का आमी?"

मी गुपचूप नवी वायर कापायला घेतली.

*

हँडब्रेक गेला तेव्हा मी म्हटलं, ते माझं काम नाही. पुढच्या खेपेला पाहतो तर दारातल्या चढावर व्हॅन उभी, पुढच्या बंपरला दोर आणि दोराच्या टोकाला बोटीचा लोखंडी नांगर, मातीत रुतवलेला!

"एवढी बोट धरतो तो," नाखवा म्हणाले. "ही कुठं जाते?"

*

नारळी पौर्णिमा. समुद्राला नारळ दिला की बोट निघणार होती. म्हातारा पावसाळाभर त्याच दिवसाची वाट बघत होता, आणि व्हॅन सुरू होईना. बॅटरी जागेवर, अर्थिंग नवं, सेल्फही उघडून पाहिला. चढावर धक्का मारायचा तर गल्लीतली माणसं सगळी जेट्टीवर. तिकडे बेंजो वाजायला लागला. मला रडायचंच बाकी होतं.

"बाबा, ऱ्हाऊ दे आता," नाखवा म्हणाले.

लकवा झाल्यापासून म्हातारा क्वचित बोलायचा. गादीवरून म्हणाला, "नांगर उचलला का रं?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. नांगराचा आणि सेल्फचा काडीचा संबंध नाही. पण त्याचं मन मोडवेना. नाखवांनी ब्रेकवर पाय ठेवला, मागे पंखा फिरायला लागला. मी जाऊन नांगर उपसला.

नाखवांनी चावी फिरवली. एका सेल्फात गाडी चालू!

मागून म्हातारा पुटपुटला, "पोरांना सगलं सांगावं लागतं!"